मधल्या झोपडीतली लाकडं

दरेसर गावातून वरच्या कुरणांची वाट धरली, की धबधबा मागे टाकल्यावर राश नावाच्या उंच झाडांच्या दाट रानात एक झोपडी लागते. तिला नाव नाही, सगळे नुसतं मधली झोपडी म्हणतात. दगडी भिंती, फळ्यांचं छप्पर, दाराला बाहेरून अडकवलेली कडी आणि कुलूप म्हणाल तर कधीच नव्हतं. आत चूल. चुलीमागे भिंतीत खोल कोनाडा, त्यात वाळकी लाकडं, एक काड्यापेटी आणि पुडीत बांधलेला चहा. धुकं उतरलं की त्या वाटेवर स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि धुकं तिथं विचारून उतरत नाही. म्हणून नियम एकच: जो चूल पेटवेल, त्याने निघताना कोनाडा भरायचा. लाकूड ओलं मिळालं तर ओलं ठेवा, चुलीमागे वाळतं ते. पण कोनाडा रिकामा सोडून जाणाऱ्याला आमच्या खोऱ्यात कुणी माणसात मोजत नाही. कुणाची मेंढी पळवलीत तर चार शिव्यांवर भागेल एकवेळ, याला माफी नाही.

आणि हा नियम शहरातून डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांना सगळ्यात जास्त लांबण लावून कोण ऐकवायचं? नोस्रत.

नोस्रत वाटाड्या. तेहरानहून रंगीबेरंगी जाकिटं घालून, दोन दोन काठ्या टेकत माणसं यायची. त्यांना घेऊन हा झऱ्यांवरून, नेच्यांमधून, शेवाळलेल्या ओंडक्यांवरून कुरणांपर्यंत न्यायचा आणि आणायचा. पाय पक्का, नजर पक्की, फक्त तोंडाला लगाम नाही. झोपडीत शेकत बसलेल्या दमल्याभागल्या माणसांना म्हणायचा, "तुमच्या शहरात दाराला तीन तीन कुलपं. इथं बघा, ज्याला आपण ओळखतही नाही त्याच्यासाठी लाकूड ठेवतो आम्ही!" पाहुणे माना डोलवायचे, आणि याची छाती आणखी फुगायची.

त्या शरदात त्याची शेवटची टोळी उतरत होती. पावसाने सगळ्यांना झोडपून काढलेलं. नोस्रतने झोपडीत अशी काही चूल पेटवली की दगड तापले, ओल्या मोज्यांची वाफ छपराला लागली, आणि त्या भरात कोनाड्यातलं शेवटचं लाकूडही आत गेलं. वर नेहमीचं प्रवचन झालंच.

सकाळी सगळ्यांनी पाठपिशव्या चढवल्या. त्यांच्यात एक पिकल्या केसांच्या शिक्षिका होत्या. त्या दारातच थांबल्या.

"नोस्रत आगा, लाकडं? काल तुम्हीच सांगितलंत ना?"

त्यांचं बघून दोघं-तिघं वाकलेही, फांद्या गोळा करायला. नोस्रतचा गुडघा ठणकत होता. खाली रस्त्यावर गावचा जीपवाला फरामर्झ उभा असणार, आणि त्याला ताटकळत ठेवलं तर तो घरापर्यंत डोकं खातो.

"राहू द्या बाई, ते माझं काम," तो म्हणाला. "परवा येतोय मी. गाडाभर टाकतो."

बाईंनी हातातली फांदी खाली ठेवली.

परवा पाऊस होता. तेरवा मावसभावाचं लग्न निघालं. मग गुडघा सुजला. मग नोस्रतने मनाशी म्हटलं, हंगाम संपला, आता कोण मरायला जातंय वर? आणि विषय डोक्यातून गेला.

वर कोण होतं ते गावात शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तूबाखाला होती. कुरणावरून सगळ्यांच्या शेवटी उतरायची तिची रीत. लोक गुरं घेऊन केव्हाचे खाली आलेले असायचे, ही आपली एक गाय घेऊन वर ठाण मांडून. "खाली काय आहे? तुमची थोबाडं!" असं म्हणायची. बाकी सगळे तिला खाला म्हणत, मावशी. नोस्रत एकटा 'नने' म्हणे, आई. कारण हा तान्हा असताना याची आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि तूबाचं बाळ नुकतंच गेलं होतं. तिने याला पदराखाली घेतलं. तिला पुढे मूल झालं नाही. दुधाचं नातं आमच्यात रक्ताच्या तोडीचं असतं.

त्या वर्षी बर्फ वेळेच्या आधी पडला. तूबा गायीला घेऊन निघाली, वाटेत ओढा ओलांडताना उजव्या हाताचा लोकरी मोजा वाहून गेला, आणि संध्याकाळी कशीबशी ती झोपडीला लागली. कडी काढली. कोनाड्यात हात घातला. काड्यापेटी होती. चहा होता. जाळायला काही नव्हतं. बाहेर सगळं ओलंचिंब, बर्फाखाली. तिने गाय आत ओढून घेतली आणि तिच्या पोटाला टेकून बसून राहिली. उजाडल्यावर फरामर्झ आणि दोघे-चौघे शोधत वर गेले तेव्हा ती जिवंत होती, शिव्या देण्याइतकी शुद्धीत होती. पण उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती. शहरातल्या इस्पितळात ती अर्ध्यातून कापली.

ज्या हाताने ती धार काढायची तोच हात.

चहाखान्यात सगळे जमले. चहाखान्याचा मालक मशदी खोदादाद, गावात त्याचा शब्द शेवटचा. त्याने साखरेचा खडा दातात धरला आणि विचारलं, "शेवटी वर कोण गेलं होतं?"

सगळ्यांनी नोस्रतकडे बघितलं. वाटेची खबर त्याच्याकडे नाही तर कुणाकडे असणार! आत्ताच सांगून टाकावं असं नोस्रतला वाटलं, अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"माझे लोक तर आधीच उतरले होते. त्यानंतर रश्त शहरातली दोन पोरं गेली होती वर. वाटाड्या न घेता."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त ती पोरं धबधब्यापाशी फोटो काढून परत फिरली होती, हे त्याने स्वतःच्या बागेतून डोळ्यांनी बघितलं होतं. ते त्याने गिळलं.

"म्हटलंच मी!" फरामर्झ मांडीवर थाप मारून म्हणाला. "वाटाड्याशिवाय फिरणारी जात! यांना लाकूड दुकानात मिळतं असं वाटतं. नोस्रतसारखा माणूस बरोबर असता तर असं घडलं असतं का?"

नोस्रतने पेला उचलला. तसाच खाली ठेवला.

आता तूबा हिवाळाभर राहणार कुठे? दुधाच्या लेकाकडे, आणखी कुठे! नोस्रतची बायको गुंचे स्वतः जाऊन तिला घेऊन आली, खोलीत घरची चूल असलेल्या लोखंडी शेगडीजवळची उबदार जागा तिला दिली. गुंचेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. घर रिकामं वाटायचं, तूबा आल्याने तिला बरंच वाटलं.

तूबाने पहिल्याच दिवशी नमाज आटोपला, बांधलेला हात आणि धड हात दोन्ही वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "या अल्ला, ज्याने तो कोनाडा रिकामा ठेवला, त्याची चूल आंधळी होवो!"

चूल आंधळी होणं म्हणजे त्या घरात पोर जन्माला न येणं. याहून वाईट शाप आमच्याकडे नाही.

"आमीन," गुंचे म्हणाली.

नोस्रत उठून गोठ्यात गेला आणि उगाचच गवत इकडचं तिकडे करत राहिला.

मग हे रोजचंच झालं. सकाळच्या नमाजानंतर शाप, दुपारच्या नंतर शाप, आणि जेवताना चमचा बोटांतून निसटून भात सांडला की एक जास्तीचा. गुंचे तिच्या ताटात वांग्याचं भरीत वाढता वाढता इमानेइतबारे आमीन म्हणायची.

एकदा नोस्रत चिडलाच. "अगं, दर वेळी आमीन कशाला म्हणतेस?"

"मग काय म्हणू? त्या मेल्याचं कल्याण होवो म्हणू?"

"तसं नाही गं... नने, सोड ना आता. माणसाच्या हातून चूक होते."

तूबाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला जीभ चावावीशी वाटली.

"चूक? भातात मीठ जास्त पडलं तर ती चूक. हे तर काड्यापेटी जागेवर ठेवून गेले रे! म्हणजे आठवण होती. चहाची पुडी नीट बांधली. लाकडाला मात्र हात लावायचा कंटाळा. कंटाळ्यापायी माणसाला मारतात का?" आणि मग एकदम मऊ होऊन, "तुझं मन मोठं आहे, बाबा. तू माझ्या दुधावर वाढलास ना, म्हणून तुला असल्यांचीही दया येते."

रोज दिवेलागणीला तो अक्रोडाचं तेल कोमट करून तिच्या हाताला चोळायचा. ती डोळे मिटून म्हणायची, "पोटचा मुलगा असता तरी एवढं केलं नसतं त्यानं." आणि हा त्या अर्ध्या बोटांकडे बघत तेल जिरवत राहायचा. लाज वाटत होती, शरमेने मेल्याहून मेला झाला होता, पण तोंड उघडत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू. लाकडांच्या वेळीही असंच परवावर गेलं होतं, हे त्याला कळत होतं.

मध्ये एक दिवस तो बर्फातून एकटाच वर गेला आणि त्याने झोपडीचा कोनाडा गच्च भरला, चुलीभोवती छपरापर्यंत रचून ठेवलं. फरामर्झने ते बघितलं आणि गावभर सांगितलं. चहाखान्यात मशदी खोदादादने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नोस्रतला वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आणि मग बर्फ वितळायला लागला तेव्हा गुंचेने लाजत लाजत तूबाच्या कानात सांगितलं. तूबाने आनंदाने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या उडाल्या.

"ए नोस्रत! ऐकलंस का, गाढवा? तुझ्या चुलीला डोळे फुटले!"

नोस्रत हसला. हसावंच लागलं. त्याच दुपारी नमाजानंतर तूबाने हात वर केले आणि नेहमीचा शाप दिला, आणि गुंचेने पोटावर हात ठेवून म्हटलं, "आमीन."

त्या दिवसापासून त्याची झोप गेली ती गेलीच. गुंचेला जिना उतरताना बघितलं की याचा जीव खालीवर. तिला साधी उचकी लागली तरी हा पाणी घेऊन धावायचा. "पहिलं पोर म्हणून घाबरलाय," असं बायका म्हणायच्या. त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं तुम्ही दोघी मिळून माझ्याच घराला शाप देताय, थांबा! पण थांबवायचं तर कारण सांगावं लागणार.

वसंतात पामचालची रानफुलं वाटेच्या कडेने उगवली आणि चहाखान्यात ठरलं: झोपडीला कुलूप लावायचं. म्हातारे कुरकुरले, आजोबा-पणजोबांपासून उघडी झोपडी, कुणी धुक्यात अडकला तर त्याने काय करायचं? मशदी खोदादाद म्हणाला, "मलाही आवडत नाही. पण परक्यांना कदर नसेल तर काय करणार? किल्ली नोस्रतकडे राहील. त्याच्याहून विश्वासाचा माणूस दाखवा मला." कुणी दाखवला नाही.

कुलूप लावायला तूबा स्वतः निघाली. "माझ्या बोटांचं कुलूप आहे ते, मीच लावणार." मशदी, फरामर्झ, नोस्रत आणि ती. राशला पोपटी पालवी फुटली होती, ओढे भरून वाहत होते, खालच्या दरीत सगळं हिरवंगार. हीच वाट नोस्रतने हजारदा कौतुकाने दाखवली होती. आज त्याला पायाखालच्या दगडांखेरीज काही दिसत नव्हतं.

फरामर्झने दाराला नवा कडीकोयंडा ठोकला, कुलूप अडकवलं आणि किल्ली तूबाच्या हातात दिली. तिने किल्ली भोकात घातली. अर्ध्या बोटांनी ती फिरेना. डाव्या हाताने करून पाहिलं, त्या हाताला सवय नव्हती. तिने तोंड वेडंवाकडं केलं, मग नोस्रतकडे वळली.

"ये रे. तुझा हात म्हणजे माझाच हात. तू फिरव, मी शाप देते. आणि या वेळी आमीन तू म्हण. गुंचेनं हिवाळाभर म्हटलंय, तू एकदाही म्हटलं नाहीस, बघितलंय मी."

नोस्रतने किल्ली धरली. तूबाने हात वर केले. "या अल्ला, ज्याच्यामुळे या दाराला कुलूप लागतंय, त्याची चूल..."

"नने, नको!" तो ओरडला. "नको म्हणू. तो मी आहे."

"काय मी?" फरामर्झ हसायला लागला. "कुलपाला घाबरलास की काय?"

"कोनाडा मी रिकामा ठेवला. माझ्या लोकांसाठी जाळली लाकडं. ते भरत होते, मीच नको म्हटलं. परवा येतो म्हटलं आणि आलोच नाही. रश्तची पोरं धबधब्यापासूनच परत गेली होती. मला माहीत होतं."

फरामर्झचं हसू तोंडावरच राहिलं. मशदी खोदादादने नोस्रतच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली.

तूबाने एवढंच विचारलं, "तेल चोळताना काय वाटायचं रे तुला?"

नोस्रत रडत होता, आणि रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

"आणि गुंचेला? तिला माहीत आहे?"

"नाही."

"अरे देवा!" तूबाने तो तुटका हात स्वतःच्या तोंडावर मारून घेतला, एकदा, दोनदा. "ती पोर आमीन म्हणत होती. माझ्याच नातवाला, माझ्याच तोंडाने... अरे मेल्या, मला एकदा थांबवायचंस तरी!" आणि ती वळून खाली निघाली. म्हातारी अशी सुटली की तिघांना गाठता येईना.

दिलेला शाप तोंडाने परत घेता येत नाही. ज्याला दिला त्याच्या घरी जाऊन, त्याची चूल विझवून, शाप देणाऱ्याने स्वतःच्या हाताने ती पुन्हा पेटवायची. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. हे आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण बघितलंय फार थोड्यांनी.

नोस्रत धापा टाकत घरात पोचला तेव्हा शेगडीतून वाफ निघत होती. तूबाने तांब्याभर पाणी ओतलं होतं. गुंचे बावचळून उभी होती.

"खाला, काय केलंत हे? भात होता वर!"

"मीच विझवली होती, हिवाळाभर. आता मीच पेटवते." तूबाने ओली राख उपसली, वाळक्या काटक्या रचल्या आणि काड्यापेटी गुडघ्यांत दाबून धरली. काडी त्या अर्ध्या बोटांत ठरेना. पहिली मोडली. दुसरी पडली. तिसरीने पेट घेतला आणि काटक्यांपर्यंत जायच्या आत विझली.

"द्या इकडे," गुंचे पुढे झाली.

"हात लावू नकोस! या हाताने शाप दिलाय, याच हाताने पेटायला पाहिजे." मग दाराकडे न बघताच, "तू सांग तिला. मी नाही सांगणार."

नोस्रतने दारात उभं राहून सगळं सांगितलं. शिक्षिकाबाईंपासून, गुडघ्यापासून, मावसभावाच्या लग्नापासून सगळं. गुंचे ऐकता ऐकता खाली बसली. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. फक्त नोस्रतकडे बघणं तिने बंद केलं.

काड्या मोडत राहिल्या. जमिनीवर त्यांचा खच पडला. तूबाच्या कपाळावर घाम आला, बोटांच्या कच्च्या कातडीला चीर जाऊन रक्त निघालं. नोस्रतचा हात दोनदा नकळत पुढे गेला आणि त्याने तो मागे घेतला. बघत राहण्याखेरीज त्याला काही करता येत नव्हतं. कोनाड्यात हात घालून ती कशी चाचपडली असेल, ते आता त्याला स्वच्छ दिसत होतं.

अखेर एक काडी टिकली. काटक्या तडतडल्या, मोठं लाकूड धरलं, शेगडी गुरगुरायला लागली. तूबाने मोठा श्वास सोडला आणि दोन्ही हात वर केले.

"या अल्ला, या घरातली चूल डोळसच राहो."

ती गुंचेकडे बघत थांबली. गुंचे आगीकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "आमीन."

"हे पोरासाठी झालं," तूबा म्हणाली. "याच्यासाठी नाही. याचं मी अजून ठरवलेलं नाही." तिने रक्ताळलेला हात ओढणीत गुंडाळला. "चहा टाक गं. दोनच पेले."

गुंचेने दोनच पेले काढले. नोस्रत वाकला, जमिनीवरच्या मोडक्या काड्या गोळा करून ओंजळीत घेतल्या, आणि त्या कुठे टाकाव्यात ते न कळून तसाच उभा राहिला.